संध्याकाळ कुणाच्या मालकीची?

शाळेच्या बॅचचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झाल्यापासून आमच्या पिढीला एक नवाच आजार जडलाय. दर आठ-पंधरा दिवसांनी कुणीतरी तोच मजकूर पुढे ढकलतो: आम्ही शेवटची पिढी, जिनं विटीदांडू खेळला, काठीनं टायर पळवलं, नळाला तोंड लावून पाणी प्यायलं. खाली अंगठ्यांची आणि डोळ्यांत पाणी आलेल्या चेहऱ्यांची रांग लागते. मग ज्याच्या घरात नववी-दहावीचं पोर आहे तो लिहितो, "आमचं कार्टं मोबाईलमधून मान वर काढत नाही." त्यावर सगळे हळहळतात आणि आपापल्या मोबाईलमध्ये परत मान घालतात.

ऐंशीच्या दशकात मी सोलापुरातच हायस्कूलला होतो. त्यामुळे त्या मजकुरातलं खरं किती आणि तिखटमीठ किती, याचा अंदाज आहे. बरंचसं खरंच आहे. (नळाला तोंड लावून पाणी पिण्याचं मात्र सोलापूरकरानं सांगू नये. नळाला पाणी यायचं तेव्हा घागर लावायची घाई असायची, तोंड कोण लावतोय!) माझं भांडण त्यातून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षाशी आहे. आपण मैदानावर होतो म्हणून आपण गुणी, आजची पोरं खोलीत आहेत म्हणून ती वाया गेलेली, हा हिशेब काही पटत नाही. आपल्याला मोकळी संध्याकाळ मिळाली ती गावानं, शाळेच्या घंटेनं आणि बापाच्या पगारानं दिली होती. शिवाय ती सगळ्यांना मिळाली नव्हती. या दोन गोष्टी विसरल्या की आजच्या पोरांसाठी काय करायला पाहिजे हेही सुचेनासं होतं आणि हातात उरतं ते फक्त रागावणं.

आधी, होतं काय ते बघू. मोठ्या शाळा बहुतेक दोन पाळ्यांत भरायच्या. सकाळच्या पाळीचं पोर दुपारी एकच्या आत घरी. दप्तर कोपऱ्यात फेकायचं, भाकरी आणि शेंगाचटणी पोटात ढकलायची, ऊन जरा कललं की बाहेर. घरातलं कुणी "कुठं चाललास" असं विचारायचं नाही, विचारलं तर "पार्कवर" एवढं उत्तर पुरायचं. पार्क मैदानावर आणि होम मैदानावर एका वेळी इतके डाव चालायचे की एका डावाचा कव्हरवाला दुसऱ्या डावाच्या यष्टीरक्षकाच्या पाठीला पाठ लावून उभा असायचा. चेंडू कुणाचा यावरून रोज एक भांडण ठरलेलं. 25 जून 1983 ला विश्वचषक आला आणि त्यानंतर क्रिकेटनं लगोरी, आट्यापाट्या, सूरपारंब्या यांना हळूहळू गिळलं. म्हणजे मोबाईल येण्याच्या किती तरी आधी एक खेळ बाकीच्या खेळांच्या मुळावर आला होता, पण त्याबद्दल कुणी गळा काढत नाही.

सायकल स्वतःची असणारे थोडे. भाड्याची मिळायची, तीही ओळख असेल तर. दुकानदार वहीत नाव आणि वेळ लिहून ठेवायचा. चौघांनी मिळून एक तास घ्यायचा आणि पंधरा-पंधरा मिनिटं वाटून घ्यायची. त्यात चौथ्याचा वाटा हमखास मारला जायचा. कंबर तलावापर्यंत जाऊन यायचं, किल्ल्याच्या खंदकाकाठी फिरायचं. जानेवारीत गड्ड्याची यात्रा लागली की महिनाभर दुसरं काही सुचायचं नाही. खिशात पैसे नसले तरी पाळण्याखाली उभं राहून ओरडणाऱ्यांकडे बघत बसणं हाही कार्यक्रमच होता. भागवतच्या आवारात एकाला लागून एक अशी थिएटरं. तिकिटाचे पैसे जमले तर सिनेमा. नाही जमले तर काचेमागं लावलेले सिनेमाचे फोटो बघायचे आणि त्या आठ-दहा फोटोंवरून घरी येताना आख्खी स्टोरी रचायची. काही पोरं ती इतकी रंगवून सांगायची की पुढे खरा सिनेमा बघून निराशा व्हायची.

आणि वाचन. हिराचंद नेमचंद वाचनालय होतंच, तिथं घरातल्या मोठ्यांच्या नावावर पुस्तक मिळायचं. पण आमच्यासारख्यांची खरी सोय गल्लीच्या कोपऱ्यावरच्या भाड्याच्या वाचनालयात होती. वाचनालय म्हणजे काय, तर लाकडी खोकं, आत तारेवर लटकवलेली कॉमिक्स आणि खाकी कागदाचं वेष्टण घातलेल्या रहस्यकथा. घरी न्यायचं तर एक दर, तिथंच पायरीवर बसून वाचायचं तर निम्मा. पायरीवर बसणाऱ्यानं पान दुमडलं तर खोकेवाला खेकसायचा. रहस्यकथांची शेवटची पानं हमखास गायब असायची आणि खून कुणी केला ते आधी वाचून गेलेल्या पोराला गाठून विचारावं लागायचं. तोही भाव खाणार. त्या पायरीवर जी पोरं बसायची त्यातली निम्मी पुढे वाचणारी झाली असं म्हणायला मला आवडलं असतं, पण तसं काही झालेलं नाही. वाचायला मिळत होतं, स्वस्त होतं, म्हणून वाचत होतो. टीव्ही आल्यावर त्यातल्या बऱ्याच जणांनी खोकेवाल्याकडे पाठ फिरवली.

हे सगळं शक्य होत होतं त्याची कारणं साधी होती. पहिलं म्हणजे जागा मोकळ्या होत्या आणि त्यांना फाटक नव्हतं. दुसरं, शाळा अर्ध्या दिवसात संपायची आणि शाळेनंतर पुन्हा शाळा नसायची. शिकवणी लावणं म्हणजे पोरगं 'ढ' असल्याची जाहीर कबुली, त्यामुळे ती लपूनछपून लावली जायची. तिसरं कारण फारसं कुणी बोलत नाही, पण मला तेच सगळ्यांत मोठं वाटतं. दहावीला पंचावन्न टक्के पडले तरी घरात सुतक नसायचं. जुनी मिल तेव्हाच इतिहासजमा झाली होती, पण लक्ष्मी-विष्णू आणि नरसिंग गिरजी या कापडगिरण्यांचे भोंगे वाजत होते. बाप गिरणीत असेल तर पोरगा आज ना उद्या बदली कामगार म्हणून चिकटेल अशी आशा होती. नाहीतर आयटीआय, डीएड, झेडपी, बँक. दहावीची परीक्षा झाली की निकालापर्यंत टायपिंगच्या क्लासला जायचं, तीस स्पीडचा कागद हातात असला की कुठंतरी कारकून म्हणून लागू, हे गृहीत होतं. पुढचं पाऊल कुठं पडणार हे ठाऊक असलं की आजची संध्याकाळ वाया घालवायला जीव धजावतो.

हे गणित बिघडायला सुरुवातही त्याच दशकात झाली. 1983 मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारनं विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडलं. सोलापुरात वालचंदचं इंजिनिअरिंग कॉलेज त्याच वर्षी सुरू झालं. गावातल्या पोराला गावातच इंजिनिअर होता येईल ही चांगलीच गोष्ट होती आणि तिनं शेकडो घरं वर आणली. पण प्रवेश बारावीच्या गुणांवर होता, म्हणून बारावीची काळजी दहावीत आणि दहावीची काळजी आठवीत शिरली. नव्वदच्या दशकात लक्ष्मी-विष्णू बंद पडली तेव्हा उरलासुरला आधारही गेला. ज्याचा बाप गिरणीतून घरी बसला त्याच्या पोराच्या संध्याकाळचं काय झालं असेल, हे त्या व्हॉट्सअ‍ॅपच्या मजकुरात येत नाही. कुठल्या तरी दुकानात ते पोर पुड्या बांधायला लागलं होतं.

आता सोलापूरच्या पूर्व भागाकडे, म्हणजे बीडी आणि यंत्रमाग कामगारांच्या वस्तीकडे वळतो. कारण सोलापुरातल्या मोकळ्या बालपणाच्या गोष्टी सांगणारे बहुतेक जण, माझ्यासकट, रेल्वे लाईन्स, सिद्धेश्वर पेठ, मुरारजी पेठ अशा बाजूचे असतात. साखर पेठ, भद्रावती पेठ, अशोक चौक, दत्त नगर या भागातल्या घरांत संध्याकाळचा रंग वेगळा होता.

आमच्या वर्गातल्या एका तेलुगू मुलाकडे मी वही आणायला जायचो. घर म्हणजे एक खोली आणि पुढचा ओटा. त्याची आई सकाळी कारखान्यात आदल्या दिवशीच्या बीड्या देऊन पानं, तंबाखू आणि दोरा घेऊन यायची. पानं भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची. मग पत्र्याच्या मापावर कात्रीनं एकेक पान कापायचं, त्यात चिमूटभर तंबाखू, एक वळसा, दोऱ्याचे दोन वेढे. शेवटी बीडीचं तोंड आत दाबून बंद करायचं. हे शेवटचं काम पोरांचं. त्याची नववीतली अक्का मांडीवर सूप घेऊन बसलेली असायची, समोर इतिहासाचं पुस्तक उघडं, पानं उडू नयेत म्हणून त्यावर कात्री ठेवलेली. बोटं एका लयीत बीडीची तोंडं दाबत असायची आणि डोळे तहाच्या कलमांवर. पंचवीस झाल्या की कट्टा बांधायचा. खोलीत तंबाखूचा असा वास की मला दोन मिनिटांत ठसका लागायचा आणि ते सगळे हसायचे. वही घेऊन मी निघालो की मित्राला म्हणायचो, "चल की बे पार्कवर." तो सुपाकडे बघून म्हणायचा, "हजार होऊ दे की." हजार बीड्या व्हायच्या तोवर मैदानावर चेंडू दिसेनासा झालेला असायचा. दुसऱ्या दिवशी कारखान्यात चेकर त्यातल्या कितीतरी छाट म्हणून बाजूला काढणार, त्याचे पैसे मिळणार नाहीत, तोटा भरून काढायला पुन्हा संध्याकाळ.

मागाच्या घरांतही तेच. यंत्रमाग एकदा चालू झाला की घरातल्या प्रत्येक हाताला काम असतं. पोरानं कांड्या भरायच्या, तुटलेला धागा सांधायचा, टॉवेलच्या दशांना गाठी मारायच्या. सोलापुरी चादर जगात गेली, 2005 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा अभिमान आहेच. त्या चादरीत बऱ्याच पोरांच्या संध्याकाळी विणल्या गेल्या आहेत, हेही त्या अभिमानासोबत सांगितलं पाहिजे.

कायद्याला हे दिसत नव्हतं का? दिसत होतं, पण तो घराच्या उंबऱ्यावर थांबत होता. 1966 च्या बीडी-सिगार कामगार कायद्यानं 14 वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात कामाला ठेवायला बंदी केली, आणि बीडी वळली जात होती घराघरांत. 1986 चा बालकामगार कायदा आला तेव्हा मी स्वतः हायस्कुलात होतो. त्यानं धोक्याच्या कामांच्या यादीत बीडी वळणं घातलं, कापड विणणं-रंगवणंही घातलं. मात्र त्याच कलमात सूट ठेवली: घरचा माणूस घरच्यांच्या मदतीनं काम करत असेल तर बंदी लागू नाही. तीस वर्षांनी, 2016 मध्ये, कायदा कडक झाला. 14 च्या आतल्या मुलांना सगळीकडे बंदी आली. तरी जोखमीची कामं सोडून घरच्या धंद्यात 'शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत' मदत करायची मुभा ठेवलीच. नीट वाचा. मुलाच्या चोवीस तासांतला नेमका कोणता तुकडा वापरायला हरकत नाही, हे कायद्यानंच बोट ठेवून दाखवलंय. श्रीमंत घरात त्याच तुकड्याला हॉबी क्लास म्हणतात.

मी त्या आईला दोष देत नाही. हजारी मजुरीवर घर चालवणाऱ्या बाईनं पोराला खेळायला सोडायचं म्हणजे रात्रीची एक भाकरी कमी करायची. दोष द्यायचाच तर ज्यानं दर ठरवला त्याला द्या. माझं म्हणणं इतकंच की 'आमच्या वेळी पोरं मैदानावर असायची' या वाक्यातली 'पोरं' कोण, हे विचारल्याशिवाय पुढं जाऊ नये.

त्या 'पोरां'त मुली तर नव्हत्याच. पार्क मैदानावर संध्याकाळी क्रिकेट खेळणाऱ्या मुली मला आठवत नाहीत. आठवीपर्यंत गल्लीत लंगडी, दोरीवरच्या उड्या, सागरगोटे चालायचे, आणि एक दिवस ती मुलगी अचानक खेळायला येईनाशी व्हायची. का, ते आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. तिचा वेळ भरतकामाकडे, धाकट्या भावंडाकडे आणि पाण्याच्या रांगेकडे गेला होता. सोलापुरात पाण्याची रांग हा मुलींचा न लिहिलेला विषय होता, शाळेच्या वेळापत्रकाइतकाच पक्का. उजनी धरण 1980 ला पूर्ण झालं, पण धरण भरलं म्हणून घरातली घागर भरत नव्हती. हातपंपावर घागरी ओळीनं लावायच्या, आपला नंबर जाऊ नये म्हणून तिथंच उभं राहायचं. आजही शहरात पाणी काही दिवसांआड येतं आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरातलं कोण जागं राहतं ते बघावं. 2019 च्या केंद्राच्या वेळ-वापर पाहणीत घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवतात आणि पुरुष 97, असं निघालं. पाहणी सहा वर्षांपुढच्या सगळ्यांची होती. म्हणजे या पाच तासांच्या शाळेत मुलींचं नाव फार लवकर घातलं जातं.

आता मोबाईल. पोरं बिघडल्याची तक्रार ऐंशीच्या दशकातही तंतोतंत हीच होती, फक्त आरोपी वेगळा होता. 1984 च्या सुमाराला देशभर दूरदर्शनची लघुशक्ती केंद्रं धडाक्यानं सुरू झाली आणि टीव्ही लहान शहरांत शिरला. वाड्यात एकाकडे टीव्ही, त्याच्या खिडकीला पंधरा पोरं लोंबकळलेली. जानेवारी 1987 पासून रविवारी सकाळी रामायण मालिका लागायला लागली तेव्हा रस्ते ओस पडायचे, त्यात मैदानही आलं. मग भाड्याचा व्हिडिओ आला. रात्रीत तीन-तीन सिनेमे, वर्गणी काढून. शाळेत गुरुजी फळ्यासमोर उभे राहून टीव्हीनं डोळे जातील, डोकं जाईल, पिढी जाईल असं सांगायचे. पिढी गेली नाही. ती आता ग्रुपवर आहे.

मोबाईल आणि तो टीव्ही सारखेच आहेत असं मी म्हणणार नाही. टीव्ही रात्री बंद व्हायचा आणि तो पंधरा जणांत मिळून बघायचा असे. मोबाईल एकट्याचा आहे, तो बंद होत नाही, आणि पोराला तिथं धरून ठेवायचा पगार घेणारी हुशार माणसं पलीकडे बसली आहेत. घरात त्याला वेळेचं बंधन हवंच. पण बंधन घालून झाल्यावर पोरानं जायचं कुठं, याचं उत्तर आईबापांकडे नसतं. संध्याकाळी साडेसहाला नववीच्या पोराच्या हातून फोन काढून घेतला आणि म्हटलं "जा, बाहेर जा." बाहेर काय आहे? बोळात दुतर्फा गाड्या. अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये खेळलं तर काचा फुटतात म्हणून सेक्रेटरीची पाटी. सोसायटीच्या मोकळ्या जागेवर मंदिर नाहीतर मंडप. शाळेच्या मैदानाला कुलूप. तसंही त्याला सातला क्लासला जायचंच आहे. जानेवारी 2024 मध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयानं मार्गदर्शक सूचना काढल्या की 16 वर्षांखालच्या विद्यार्थ्याला कोचिंगमध्ये प्रवेश देऊ नये. आपल्या चौकातल्या 'आठवीपासून फाउंडेशन' लिहिलेल्या फ्लेक्सकडे एकदा मान वर करून बघा, मग त्या सूचनेचं काय झालं ते विचारायची गरज पडणार नाही.

"मैदानं आहेत हो, पोरंच येत नाहीत," असं एक उत्तर मिळतं. हे मी शाळेच्या विश्वस्तांकडून ऐकलंय, माजी नगरसेवकाकडूनही ऐकलंय. त्याला सोलापूरच्याच रस्त्यावर खोडून काढता येतं. गणपतीच्या आधी काही आठवडे संध्याकाळी शहरात फिरा. पाणीवेस तालीम असो, थोरला मंगळवेढा तालीम असो, पत्रा तालीम असो किंवा पूर्व भागातलं एखादं छोटं मंडळ, हलगी वाजायला लागते आणि रांगा उभ्या राहतात. आठवी-नववीची पोरं, जी घरात दोन तास एका जागी बसत नाहीत असं त्यांच्या आया सांगतात, ती दोन-दोन तास लेझमाचा एकच हात घोटत असतात. चुकलं की मागचा दादा पाठीत धपाटा घालतो, पुन्हा पहिल्यापासून. मुलींची पथकंही आता जोरात असतात, आमच्या वेळी हे नव्हतं. तेव्हा मोबाईल कुठं असतो? शर्टाच्या खिशात नाहीतर कट्ट्यावर, एका धाकट्या भावाच्या ताब्यात. कुणी हिसकावून घेतलेला नसतो.

लेझीम इतकी वर्षं का टिकली याचा विचार केला तर आपल्याला हवं ते सगळं त्यात आहे. जागा ठरलेली, वेळ ठरलेली. शिकवणारा दादा गल्लीतला, फी नाही, परीक्षा नाही, टक्केवारी नाही. वीस वर्षांचा आणि बारा वर्षांचा एकाच रांगेत. आणि शेवटी मिरवणुकीत आख्ख्या गावासमोर खेळायचंय, म्हणून अंगात जोर. याची कच्ची बाजूही आहे. मंडळ म्हटलं की वर्गणी, पुढारी, डॉल्बी, आणि निवडणुकीत याच पोरांच्या हाती झेंडे देणं, हे सगळं ओघानं येतं. पण पोरं बाहेर येतच नाहीत हे म्हणणं एवढ्यानंच खोटं ठरतं. त्यांना यायला जागा, वेळ आणि सोबत लागते. ती वर्षातून महिनाभर मिळते. उरलेल्या अकरा महिन्यांचा प्रश्न आहे.

यात सरकारचं काम काय, असं विचारणारे आहेत. पोरानं खेळावं की नाही हा घरचा मामला आहे म्हणे. तसं असतं तर 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेला क्रीडांगण आणि ग्रंथालय हवं असं लिहिलं नसतं. मुलांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारातलं 31 वं कलम विश्रांती, फुरसत आणि खेळ हा मुलाचा हक्क मानतं आणि भारतानं तो करार 1992 मध्ये मान्य केलाय. कागद पक्के आहेत. शाळेच्या मैदानाची किल्ली मात्र शिपायाच्या कमरेला आहे आणि शिपाई साडेपाचला घरी जातो.

सोलापूर 2016 मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या यादीत आलं. होम मैदान सुधारलं, तलावाचा काठ देखणा झाला. पार्क स्टेडियमवर हिरवळ आणि टर्फ खेळपट्ट्या आल्या, रणजी सामना झाला. मला त्याचा आनंदच आहे, गावातलं एखादं पोर उद्या त्यावर चमकेल. पण टर्फच्या खेळपट्टीवर रबरी चेंडू घेऊन दहा डाव एकमेकांत घुसलेले चालत नाहीत, चालूही नयेत. तेव्हा त्या दहा डावांना दुसरी जागा द्यायला हवी होती, ती कुणाच्या आराखड्यात आली नाही. ज्याला निवड समितीसमोर उभं राहायचंय त्याची सोय झाली, ज्याला नुसतंच खेळायचंय तो पार्किंगमध्ये.

अलीकडे प्रभागांत अभ्यासिका काढायची टूम आहे. स्पर्धा परीक्षावाल्यांसाठी त्या हव्यात, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण आपल्या डोक्यात पोराच्या रिकाम्या तासाचा एकच उपयोग येतो, आणखी एक परीक्षा, हे त्यातून दिसतं. जिथं मोठ्यानं हसता येतं, गोष्टीची पुस्तकं हाताळता येतात, कॅरम खेळता येतो आणि कुणी "चाचणीत किती पडले" विचारत नाही अशी एक खोली पूर्व भागात वॉर्डावॉर्डात का नसावी? बीडीचं सूप ज्या घरात अजून आहे, त्या घरातल्या मुलीला संध्याकाळी त्या वासाबाहेर पडायला दुसरी जागा नाही.

मागण्या फार मोठ्या नाहीत. अनुदान घेणाऱ्या आणि महापालिकेच्या शाळांची मैदानं संध्याकाळी साडेपाच ते नऊ वस्तीतल्या सगळ्या पोरांना खुली करावीत, त्या शाळेचा विद्यार्थी असो वा नसो. मुख्याध्यापकांना भीती वाटते की दारुडे येऊन बसतील, नळ चोरीला जातील, कुणाचा हात मोडला तर पालक भांडायला येतील. भीती रास्त आहे. म्हणून जबाबदारी शाळेवर न टाकता महापालिकेनं मानधनावर माणूस नेमावा. गल्लीत खेळ शिकवू शकणारे, तालमीत घडलेले तरुण आहेत, त्यांना त्यातून चार पैसेही मिळतील. आठवड्यातले तीन दिवस मैदानाचा निम्मा भाग मुलींसाठी राखून ठेवावा. राखीव कशाला, मिळून खेळू देत, असं सुशिक्षित लोक म्हणतात. त्यांनी एकदा मैदानावर जाऊन चेंडू कुणाच्या हातात असतो ते मोजावं. आणि दहावीपर्यंतच्या क्लासेसनी रात्री सातनंतर वर्ग घेऊ नयेत एवढा तरी नियम पाळायला लावावा.

पैसे कुठून, हा प्रश्न येणारच. क्रमानं खर्च करावा. सोलापूरचा एप्रिल-मे म्हणजे पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकलेला. सकाळी आठनंतर आणि संध्याकाळी साडेसहाच्या आत मैदानावर पाय ठेववत नाही, आणि साडेसातला अंधार. पुण्याला दिव्यांशिवाय जमेल, इथं जमणार नाही. म्हणून पहिला पैसा दिव्यांवर, दुसरा मुलींच्या स्वच्छतागृहावर आणि पिण्याच्या पाण्यावर. पेव्हर ब्लॉक, कारंजं आणि उद्घाटनाची कोनशिला यांचं तिसऱ्या वर्षी बघता येईल.